झेपत नाही, एवढेच सांगा

एकदा एका व्यापारपेठेच्या गावात घरभाड्याचे तंटे इतके वाढले, की राजाला त्यांच्यासाठी एक निराळी न्यायसभाच बसवावी लागली. गाव नदीच्या उतारावर वसलेले होते. वरच्या अंगाने सूत यायचे, खालच्या अंगाने रंगवलेले कापड जायचे, आणि या येण्याजाण्यावर पोट असलेले निम्मे गाव भाड्याच्या खोल्यांत राहायचे. जिथे घर एकाचे आणि चूल दुसऱ्याची, तिथे कुरबुर ठरलेलीच. कोणी भाडे थकवी, कोणी भाडे घेऊनही गळके छप्पर शाकारून देत नसे. कोणाचा मालक विहिरीला कुलूप घाली, तर कोणाचा भाडेकरू मालकाला न विचारता अंगणात म्हैस आणून बांधी.

या न्यायसभेचे प्रमुख होते एक वृद्ध शास्त्री. गाव त्यांना शास्त्रीबुवा म्हणे. त्यांचे दात फारसे उरले नव्हते, पण फुटाण्यांची आवड सुटली नव्हती. एकेक फुटाणा गालात धरून, तो मऊ होईपर्यंत, ते दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेत. शास्त्रीबुवांचा फुटाणा मऊ झाला की निकाल लागतो, असे गावात गमतीने म्हणत, आणि ते फारसे खोटे नव्हते.

त्यांच्या हाताखाली निरंजन नावाचा शिष्य होता. परगावचा, पंचविशीतला, न्यायशास्त्र मुखोद्गत असलेला, आणि अंतःकरणाने फार मऊ. बाजारच्या दिवशी सभा भरे, तेव्हा त्याने बाहेरच्या ओसरीवर बसून दावे दाखल करून घ्यावेत, असे शास्त्रीबुवांनी ठरवून दिले होते. दावा मालकाचा असो वा भाडेकरूचा, दाखल करायला एक रुपया शुल्क पडे. मनात आले की उठून कोणीही कोणाला सभेत ओढू नये, म्हणून राजाने ते लावले होते. मात्र ज्याची ऐपत नसेल त्याला ते माफ करावे, असेही राजाचेच वचन होते. ऐपत आहे की नाही, हे ओसरीवरच्या माणसाने विचारून घ्यायचे.

हे विचारणे निरंजनाच्या जिवावर येई.

एका बाजारच्या दिवशी सखोबा नावाचा म्हातारा रांगेत पुढे आला. त्याचे स्वतःचे घर होते, त्यातल्या पुढच्या खोल्या त्याने एका सराफाला भाड्याने दिल्या होत्या, आणि सराफ भाडेही देत नव्हता व जागाही सोडत नव्हता. सखोबा शुल्क माफ करा म्हणाला, तेव्हा निरंजनाला नवल वाटले.

"आजोबा, तुम्ही तर घरमालक."

"घराचा मालक आहे रे बाबा," सखोबा म्हणाला. "पण भिंती शिजवून खाता येत नाहीत."

नियमाप्रमाणे निरंजनाने विचारले, मिळकत काय, घरात माणसे किती, जेवणाची सोय कशी. मागे रांग उभी होती. सखोबाने एकदा मागे पाहिले, मग मान खाली घातली आणि हलक्या आवाजात सांगितले, की संध्याकाळची चूल पेटत नाही, सकाळचेच उरवून ठेवतो. आवाज हलका होता, पण ओसरी लहान होती. सगळ्यांनी ऐकले. निरंजनाने घाईघाईने "माफ" म्हटले आणि वर पाहिले, तर सखोबाच्या मागे उभी असलेली बाई रांग सोडून पायऱ्या उतरत होती. मध्यम वयाची, ताठ चालीची बाई. हात कोपरापर्यंत निळीने रंगलेले. "अगं हौसा, कुठं निघालीस?" असे कोणीतरी विचारले. ती बाजाराच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

त्या निळ्या हातांनी निरंजनाला दिवसभर सोडले नाही. ती काही मागायला आली होती आणि न मागताच गेली. तिला कोणी हाकलले नव्हते. पण आपल्यासमोर बसून स्वतःची गरिबी उघडी करण्यापेक्षा तिला अन्याय सोसणे बरे वाटले, हे त्याला उमजले. संध्याकाळी घाटावर बसल्या बसल्या त्याला एक युक्ती सुचली, आणि ती इतकी सोपी होती की त्याला स्वतःचेच हसू आले. गरिबाचे शुल्क जर दुसऱ्याच कोणी भरून टाकले, तर माफीचा प्रश्नच उरत नाही. मग कोणाला काही विचारायला नको, कोणाला काही सांगायला नको.

गावात नागोशेट नावाचे मोठे व्यापारी होते. वेशीवरची पाणपोई त्यांची, उन्हाळ्यातले ताकवाटप त्यांचे, अडलेल्या लग्नाला पहिला हात त्यांचा. गावात त्यांची घरेही पुष्कळ होती, पण निरंजनाच्या डोळ्यांपुढे त्या वेळी पाणपोईच होती. तो थेट त्यांच्या पेढीवर गेला आणि सगळे सांगितले.

नागोशेट गादीवरून पुढे सरकून ऐकत होते.

"म्हणजे गरिबाच्या न्यायाला एक रुपया आडवा येतो?" ते म्हणाले. "मग आमचे रुपये कशासाठी आहेत? तुम्ही बसा जरा."

त्यांनी आत जाऊन आपल्या हातांनी एक थैली भरून आणली. अट कसलीही घातली नाही. संपली की पुन्हा या, एवढेच म्हणाले. निरंजन थैली घेऊन बाहेर पडला, तेव्हा त्याला वाटत होते, की शास्त्रे शिकून जे जमले नाही ते आज आपल्याला जमले.

निरंजनाने निळ्या हातांच्या बाईपासून सगळे सांगितले, तेव्हा शास्त्रीबुवांनी थैली हातात घेतली, तळव्यावर जोखली, आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "नागोशेट मनाचा मोठा माणूस आहे."

"होय गुरुजी."

"मग हे गावाला कळायला हवं. उद्या दवंडी पिटव. ज्याला शुल्क झेपत नाही, त्याचं शुल्क नागोशेट भरणार आहेत. नाव घेऊन सांगायचं. थैली दारात चौरंगावर ठेव, म्हणजे येणाऱ्याला दिसेल."

निरंजनाला आनंद झाला, पण कोडेही पडले. मागे न्यायसभेच्या मंडपाच्या फरसबंदीसाठी कोणी देणगी दिली होती, तेव्हा पायरीवर दात्याचे नाव कोरू द्यायला शास्त्रीबुवांनी साफ नकार दिला होता. तेच आज दवंडी पिटवायला सांगत होते. पण शुभ कार्यात शंका कशाला काढावी, असे म्हणून त्याने दवंडीवाल्याला बोलावले. गावभर डफ वाजला. आळीआळीतून नागोशेटांचे नाव फिरले.

बाजारचा दिवस उजाडला. निरंजन लवकर येऊन बसला. आज रांग पायऱ्यांच्या खाली जाईल, अशी त्याची अटकळ होती. चौरंगावर थैली ठेवली होती, तिच्यावर झेंडूचे फूल वाहिले होते. नवल म्हणजे शास्त्रीबुवाही आज आत न बसता ओसरीच्या कडेला येऊन टेकले आणि फुटाणा गालात धरून रस्त्याकडे बघत राहिले.

एक कापूसवाला आला, रुपया ठेवून दावा लावून गेला. एक घरमालकीण आली, तिनेही रुपया ठेवला. मग बराच वेळ कोणी आले नाही. रस्त्याने माणसे जात होती. काहींची पावले ओसरीपाशी मंदावत, नजर चौरंगाकडे जाई, आणि ती बाजाराच्या दिशेने चालू लागत. माफी मागायला एरवी दर बाजाराला कोणी ना कोणी येई. आज एकही आले नाही.

दुपार झाली तसा निरंजन म्हणाला, "गुरुजी, गरिबांचे तंटे मिटले असतील."

"असतील," शास्त्रीबुवा म्हणाले.

"किंवा दवंडी सगळ्यांपर्यंत पोहोचली नसेल."

"तसंही असेल. तुला राहवत नाही, तर जाऊन विचारून ये ना. रंगारआळी काही लांब नाही. हे फुटाणे घेऊन जा, तुझं जेवण राहिलंय."

रंगारआळीत हौसाचे घर सापडायला वेळ लागला नाही. ती आणि तिची जाऊ घरापुढच्या अरुंद बोळात उभ्या होत्या, आणि एक ओला फेटा दोघींनी दोन टोकांना धरून ताणला होता. तो वाळवायला जागा नव्हती, म्हणून हातातच वाळवणे चालले होते. शेजारी पिळलेल्या फेट्यांच्या टोपल्या भरून ठेवल्या होत्या. दसरा तोंडावर आला होता. गावोगावचे फेटे रंगायला आले होते.

"हौसाबाई, मी न्यायसभेतून आलो," निरंजन म्हणाला.

"वळखलं की दादा. पान्यावानी मऊ बोलता तुम्ही." फेटा न सोडता तिने उंबऱ्याकडे मान केली. "बसा."

"त्या दिवशी तुम्ही तशाच परत गेलात. मला फार वाईट वाटलं. पण आता काही सांगायला नको, काही विचारायला नको. तुमचं शुल्क भरलं जाईल. दवंडी ऐकली नाहीत का?"

"ऐकली."

"मग आला का नाहीत?"

हौसाने त्याच्याकडे पाहिले, मग फेट्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या जावेकडे पाहिले. जावेने तोंड पदरात लपवले. आणि मग हौसा हसायला लागली. आधी ओठ दाबून, मग राहवेना तशी मोकळी, इतकी की फेटा मध्ये लोंबला आणि दोघींना तो सावरावा लागला.

"दादा, आमची तक्रार काय ते तुमी इचारलंच न्हाई," ती डोळे पुसत म्हणाली. "या, दावते."

तिने त्याला घरातून मागच्या दाराशी नेले. दार अर्धेच उघडत होते. पलीकडे चांगले ऐसपैस परसू होते, कडेला विहीर होती, पण पाय ठेवायला जागा नव्हती. कापसाच्या गाठींची थप्पी भिंतीपर्यंत लागली होती.

"घर घेतलं तवा परसू बोलीत व्हतं. दोन महिने झाले, मालकाच्या दिवाणजीनं ह्या गाठी आणून टाकल्या. म्हनतो, परसू मालकाचं, तुझ्या फक्त खोल्या. आता रंगारणीनं कापड वाळवायचं कुठं? दसऱ्याचे फेटे दसऱ्याला न्हाई दिले, तर पुढल्या साली कोन देईल?"

"कोण मालक तुमचा?"

"आता ते बी मीच सांगू?" हौसा म्हणाली, आणि पुन्हा तिला हसू फुटले. "अवो, ज्यांची दवंडी पिटवलीत ना, तेच. ऱ्हायचं नागोशेटांच्या घरात, रुपया घ्यायचा नागोशेटांचा, आन् दावा लावायचा नागोशेटांवर. म्हंजे त्यांच्याच पंगतीत बसून, त्यांच्याच हातचं वाढून घ्यायचं, आन् म्हनायचं, शेटजी, आमटी अळणी झाली."

निरंजन उंबऱ्यावर बसला. काही क्षण त्याला आपले तोंड कुठे लपवावे ते कळेना. मग त्या आमटीचे चित्र डोळ्यांपुढे आले आणि तोही हसू लागला. शास्त्रीबुवांनी दिलेले फुटाणे त्याने पुढे केले. तिघांनी ते वाटून खाल्ले.

"पण सगळेच काही नागोशेटांच्या घरात राहत नाहीत," थोड्या वेळाने तो म्हणाला. "बाकीचे का आले नाहीत?"

"आज आमी शेटजींचा रुपया घेतला, तर उद्या शेटजी सहज इचारतील, अमक्या बाईचा तंटा होता, त्याचं काय झालं? त्यांच्या मनात काय बी नसंल. पण इचारतील. आन् ज्याच्यावर दावा हाय तो त्यांच्याच शेजारी गादीवर बसलेला असंल." ती फेट्याची कड बोटांनी चाचपत म्हणाली. "आन् तुमच्या म्होरं बसून चूल उघडी करायची, ते बी जमत न्हाई. सखोबांची मान मी बघितली. वाईट वाटून घेऊ नका, दादा. तुमी माणूस चांगले हाव."

निरंजन परत आला, तेव्हा ओसरीवर उन्हे कलली होती. शास्त्रीबुवा तिथेच बसले होते. त्याने सगळे सांगितले, आमटीचेही सांगितले. शास्त्रीबुवा इतके हसले की गालातला फुटाणा ठसक्याने बाहेर पडला.

"गुरुजी, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं," निरंजन म्हणाला.

"हौसाचं ठाऊक नव्हतं. पण कोणीतरी हौसा असणार, हे ठाऊक होतं."

"मग थैली त्याच दिवशी परत का नाही केलीत? दवंडी कशाला?"

"परत केली असती तर तू काय समजला असतास? म्हाताऱ्याला दुसऱ्याचं औदार्य बघवत नाही." शास्त्रीबुवांनी त्याला जवळ बसवले. "निरंजना, तुझ्या मनात करुणा होती, यात शंका नाही. पण तू माफी आणि दान यांत गल्लत केलीस. हाती पडणारा रुपया दोन्हींत एकच असतो, पण घेणारा माणूस दोन ठिकाणी उभा असतो. दान घेणारा दात्यापुढे उभा राहतो. माफी घेणारा कोणापुढेच उभा राहत नाही. तो आपल्या हक्काच्या दारातून आत येतो. तुला कोणी दार उघडून धरलं, तर त्याच्या अंगाला अंग घासूनच आत जावं लागतं. धरणारा कितीही भला असो, वाट तेवढी अरुंद होतेच. आणि न्यायाच्या दारात तर उद्या तोच प्रतिवादी असू शकतो."

निरंजनाने थैलीवरचे कोमेजलेले फूल उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "पण मी माफी देत होतो, तेव्हाही ती निघूनच गेली."

"हां," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "तो दोष माझा आणि तुझा. राजानं हक्क दिला, आणि आपण त्याची भीक केली. नाना प्रश्न विचारून केली. मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मान खाली घातल्याशिवाय मागता येत नाही, तो हक्क कसला?"

"न विचारता माफ केलं, तर खोटं बोलणारेही येतील."

"येतील. त्यांचे रुपये बुडतील. राजाच्या खजिन्याला तेवढं सोसेल. पण त्या भीतीनं तू एका हौसाला पायऱ्या उतरायला लावलंस, तर ते कोण भरून देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुशिष्य नागोशेटांच्या पेढीवर गेले. शास्त्रीबुवांनी थैली गादीवर ठेवली. नागोशेटांचा चेहरा उतरला.

"आमचे रुपये खोटे निघाले का, शास्त्रीबुवा?"

"खरे आहेत, शेट. खरे आहेत म्हणून जड आहेत. न्यायसभेचं शुल्क राजाचं, तेव्हा माफीही राजाचीच हवी. तुमच्या पाणपोईवर मी रोज पाणी पितो, ते गोड लागतं. पण या दारात तुमचं काही नको."

नागोशेटांना ते रुचले नाही. त्यांनी थैली उचलून ठेवली, पाहुण्यांना पानसुपारी दिली, पण बोलले फारसे नाहीत. निरंजनाला वाटले, एक भला माणूस आपल्यामुळे दुखावला. परतताना त्याने तसे म्हटले. शास्त्रीबुवा म्हणाले, "दुखावला आहे. पण भला आहे म्हणालास ना? मग थांब थोडा."

पुन्हा डफ वाजला. या वेळी दवंडी अशी होती: न्यायसभेत दावा दाखल करायला राजाचे शुल्क एक रुपया. झेपत असेल त्याने भरावे. झेपत नसेल त्याने झेपत नाही, एवढेच सांगावे. मालक असो, भाडेकरू असो, त्यापुढे त्याला एक शब्दही विचारला जाणार नाही.

पुढच्या बाजारी ओसरी भरली. हौसा आली, निळे हात कमरेवर ठेवून निरंजनासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दावा लावायचा हाय. झेपत न्हाई."

"बरं. आत बसा," निरंजन म्हणाला.

ती क्षणभर तिथेच थांबली. आणखी काहीतरी विचारले जाईल, अशी तिची अजून अपेक्षा होती. मग ती पायरी चढून आत गेली, आणि जाताना तिने डोक्यावरचा पदर नीट केला, लग्नघरात शिरताना करतात तसा.

सांगावा गेला आणि नागोशेट जातीने हजर झाले. आपल्यावर दावा आहे, एवढेच त्यांना कळले होते. कशाचा, ते ठाऊक नव्हते. त्यांच्यासोबत दिवाणजी होता. हौसाने आपले म्हणणे मांडले. शास्त्रीबुवांनी फुटाणा तोंडात टाकला.

दिवाणजी उभा राहिला. "परसू घराचं, घर मालकाचं. भाडं खोल्यांचं घेतो. परसाचा शब्द कोणी दिला होता, ते बाईंनी सांगावं."

"शेटजींनीच दिला," हौसा म्हणाली. "सोता आले होते घर दावायला."

सभा नागोशेटांकडे वळली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. साक्षीदार नव्हता, लेखी काही नव्हते. नागोशेट हौसाच्या हातांकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

"दिला होता," ते म्हणाले. "मला आठवतं. मी म्हणालो होतो, परसू तुझं, विहीर तुझी, फक्त माझ्या चुन्याच्या भिंतीला ते निळे हात लावू नकोस." मग दिवाणजीकडे वळून त्यांनी विचारले, "परसात काय आहे?"

"कापसाच्या गाठी, शेटजी. वखार भरली होती. आपली परवानगी कशाला घ्यायची एवढ्याला, असं..."

"दोन महिने?"

"होय."

नागोशेट शास्त्रीबुवांकडे वळले. "निकाल देण्याची तसदी घेऊ नका. उद्या सकाळपर्यंत परसू मोकळं होईल. बाईंचं दोन महिन्यांचं भाडं मी सोडतो."

"भाडं सोडायचं ते निकालात लिहू," शास्त्रीबुवा म्हणाले. "नाहीतर तेही दान व्हायचं."

सभा हसली. शास्त्रीबुवांच्या गालातला फुटाणा अजून टणकच होता, हे पुढे बसलेल्यांच्या लक्षात आले, आणि तसे आजवर कधी झाले नव्हते म्हणून ते पुन्हा हसले.

सभा उठल्यावर नागोशेट मागे रेंगाळले.

"थैली का परत आली ते आज समजलं," ते म्हणाले. "ती दारात असती तर ही बाई आलीच नसती."

"आलीच नव्हती ती. इतर दारापर्यंत आले होते. बघून गेले."

"आणि माझ्याच घरात माझ्या नावावर काय चाललंय, ते मला जन्मात कळलं नसतं. पाणपोईवरचे सगळे मला हात जोडतात, शास्त्रीबुवा. मी म्हणायचो, गावात आपल्याविषयी कोणाची तक्रार नाही." मग त्यांनी विचारले, "त्या थैलीचं आता काय करू? बाजूला काढलेला पैसा पुन्हा पेटीत टाकवत नाही."

"रंगारआळीत तुमची घरं आहेत ना? त्यांची छपरं कधी बघितलीत?"

"नाही."

"एकदा बघून या. त्यावर खर्च करा. फक्त ते दान समजू नका, शेट. ते देणं आहे."

नागोशेटांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गाठी उचलायला हमाल आले तेव्हा तेही सोबत आले, आणि आळीतून फिरताना वर बघत बघत दोनदा ठेचकाळले.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस निरंजन मुद्दाम रंगारआळीच्या वाटेने गेला. हौसाच्या परसात दोरीवर दोरी बांधली होती, आणि निळे, केशरी, गुलाबी, हिरवे फेटे वाऱ्यावर इतके फडफडत होते की पलीकडचे काही दिसत नव्हते. आतून दोघी जावांचे ओव्या म्हणणे ऐकू येत होते. एका फेट्याआडून सखोबा बाहेर आला. त्याच्या सराफाने भाडे चुकते केले होते, आणि वाळलेल्या फेट्यांच्या घड्या घालायला तो आता इथे येऊन बसत होता. निरंजनाला बघून त्याने मान ताठ ठेवून रामराम केला.

दसरा झाला. पहिल्याच बाजारी हौसा ओसरीवर आली आणि तिने निरंजनापुढे एक रुपया ठेवला.

"हा कशाचा?"

"त्या दाव्याचा. तवा झेपत नव्हता. आता झेपतो."

निरंजनाला काय करावे ते कळेना. रुपया घ्यावा तर नियमात बसेना, परत द्यावा तर तिचा मान दुखावेल असे वाटले. त्याने आत जाऊन विचारले. शास्त्रीबुवा स्वतःच बाहेर आले.

"हौसाबाई, माफी म्हणजे उधारी नव्हे," ते म्हणाले. "ती फेडायची नसते. पुढल्या वेळी झेपलं तर तेव्हाचं शुल्क भर."

"पुढली येळ कशाला यावी, शास्त्रीबुवा?"

"न येवो. आली, तर दार इथंच आहे."

तिने रुपया उचलून कनवटीला लावला आणि हसत हसत गेली.

त्याच दिवशी दुपारी गर्दी बरीच होती. एका टोपल्या विणणाऱ्या कैकाड्याने "झेपत नाही" म्हटले. त्याच्यामागे पागोटे सावरत नागोशेट उभे होते. त्यांच्या एका भाडेकरूने खोलीत तेलाचा घाणा मांडून शेजाऱ्यांची झोप उडवली होती, आणि ते त्याच्यावर दावा लावायला रीतसर रांगेत आले होते. त्यांनी रुपया ठेवला. निरंजनाने दोघांनाही तेच सांगितले, "बरं. आत बसा." आत सतरंजीवर जागा थोडी होती. कैकाडी सरकून बसला, नागोशेट त्याच्या शेजारी टेकले, आणि दोघांत टोपलीच्या बांबूवरून काही बोलणे सुरू झाले.

संध्याकाळी निरंजन ओसरी झाडत असताना शास्त्रीबुवांनी विचारले, "आज माफी कोणाकोणाला दिलीस?"

निरंजन आठवू लागला. तंटे त्याला सगळे आठवत होते: कोणाची भिंत, कोणाचे कुलूप, कोणाचा घाणा. माणसांचे चेहरेही आठवत होते. पण कोणी रुपया ठेवला होता आणि कोणी नाही, ते काही केल्या आठवेना.

"गुरुजी, मला सांगता येत नाही," तो ओशाळून म्हणाला. "रुपये मोजून बघतो आणि अंदाज करतो."

"नको," शास्त्रीबुवा म्हणाले. "राहू दे तसंच."

आणि त्यांनी आपल्या पुरचुंडीतले फुटाणे शिष्याच्या ओंजळीत ओतले.